कंप्युटरला दोन घागरी पाणी

कौसाच्या संगतीनं मी शेवटचं जे साधंसुधं काम केलं ते बाज आवळायचं. वैशाख होता, आमी अंगणात झोपायचो, अन् बाज मधात झोळीसारखी लोंबायला लागली होती. सकाळी चहा पिऊन झाल्यावर आमी तिची पायथ्याची सुतळी सोडली. मी ओढायचो अन् ओढलेली सुतळी सुटू नये म्हणून ती लाकडावर अंगठ्यानं दाबून धरायची.

"जरा दमानं वढा," ती म्हणली. "माझा अंगठा हाय तिथं, बैल न्हाई."

बाज ताठ झाली. ती तिच्यावर बसली, दोनदा हलून बघितलं अन् म्हणली, "आता जावई आला तर लाज न्हाई वाटायची." मंग तिनं दोन घागरी उचलल्या अन् हापशाकडं गेली. मी जिनिंगकडं गेलो. दुपार व्हायच्या आत ती मेलेली होती.

ती कौसा म्हणजे माझी बायको. ती माझ्या हाताच्या कामानं मेली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं न्हाई. दिवाळी अंकवाल्यांनी निरोप दिला की तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा, गमतीजमती लिहा. गमती बी लिहितो. पण लिहायला बसलो ते ह्या एका गोष्टीसाठी. आमची एकच लेक, चुडाव्याला दिलेली. तिला वाचता येतं. तोंडानं सांगायला माझी जीभ कधी उचलली न्हाई, म्हणून कागदावर सांगतो.

मी जिंतूर तालुक्यातल्या एका कापसाच्या सोसायटीत वायरमन होतो. सोसायटीचं नाव लिहीत न्हाई, ती आता बंद हाय. माझं शिक्षण चौथी. आमच्या घरात मेंढरं. बाप मेंढरामागं हिंडला, मी विजेमागं लागलो. येलदरीला वीजघराचं काम चाललं होतं तवा तिथं हमाली केली अन् मिस्त्री लोकांचे हात बघून बघून शिकलो. पुढं जिनिंगवर लागलो. जिनिंग म्हणजे सरकी अन् कापूस वेगळा करायचा, अन् प्रेस म्हणजे त्या कापसाच्या गाठी दाबायच्या. माझं काम एवढंच की मोटारी चालू ऱ्हायल्या पाहिजेत अन् कुठं ठिणगी पडली न्हाई पाहिजे. कापसाच्या गंजीत ठिणगी पडली तर वरून काय दिसत न्हाई, आत धुमसत ऱ्हाते, अन् दोन दिवसांनी सगळं खलास. म्हणून वायरमनला नाकानं काम करावं लागतं. माझ्या हयातीत आमच्या जिनिंगला आग लागली न्हाई. हे मी अभिमानानं सांगतो, अन् बाकीचं बी मलाच सांगायचं हाय.

हंगाम नसला की मी कास्तकारांच्या विहिरीवरच्या मोटारी बसवायचो. बोरीकडचा एक मालक होता. शेजाऱ्यानं पाच हॉर्सपॉवरची मोटर घेतली म्हणून ह्यानं दहाची आणली. विहिरीत पाणी तासाभराचं. दहाची मोटर ते अर्ध्या तासात ओढायची, मंग नुसतीच फिरून गरम व्हायची. तीनदा जळाली. तिसऱ्यांदा मी म्हणलो, "मालक, लहान घ्या की आता."

तो म्हणला, "मिस्त्री, पाणी विहिरीच्या आत असतंय, ते कुणाला दिसतंय? मोटर वर असती."

ह्या माणसाला मी लय हसलो होतो. घरी येऊन कौसाला सांगितलं तर ती बी हसली. मंग आमच्या सोसायटीनं कंप्युटर घेतला.

आमच्याकडं गणपतराव नावाचे दिवाणजी होते. कुणी किती कापूस आणला, कोणत्या प्रतीचा, वजन किती, ह्याच्या पावत्या फाडायच्या अन् रजिस्टरला चढवायच्या, एवढं त्यांचं काम. कानावर पेन्सिल ठेवून ते सगळं दिवस मावळायच्या आत उरकायचे. हंगाम चार महिन्यांचा. पण चेअरमन अन् डायरेक्टर लोक कुठल्यातरी दुसऱ्या जिल्ह्यात एक कारखाना बघून आले. तिथं कंप्युटर होता, चार पडद्यांचा. चेअरमन म्हणले, आपण आठाचा घ्यायचा. विकणाऱ्यानं बी सांगितलं, पुढच्या वीस वर्षांची सोय होईल, सगळ्या जिल्ह्याचा कापूस आला तरी मशीन थकणार न्हाई.

दिवाणजी मिटिंगमधी म्हणले, "साहेब, सगळ्या जिल्ह्याचा कापूस आपल्याकडं येतो कशाला? आपल्या पावत्या तर माझ्या हातानं होतात."

"गणपतराव, अन् तुमी मेल्यावर?"

"मी मेल्यावर दुसरा दिवाणजी ठेवा. त्याला थंड खोली लागायची न्हाई."

लोक हसले. ठराव पास झाला. मी दाराशी टेस्टर घेऊन उभा होतो. बाहेर निघताना चेअरमनसाहेबांना मी त्या दहाच्या मोटरची गोष्ट सांगितली. त्यांनी खांद्यावर हात ठेवला अन् म्हणले, "तू वायरी बघ, बाबा." माणूस वाईट नव्हता. सोसायटीचं नाव झालं पाहिजे एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

मला बी वाईट वाटलं न्हाई, खोटं कशाला लिहू. मशीन आलं तसं लोक मला कंप्युटर मिस्त्री म्हणायला लागले. जिंतूरच्या बाजारात चहावाला माझ्याकडून चहाचे घेईना. कौसाला मी दहादा सांगितलं असंल की आख्ख्या तालुक्यात असली वायरिंग कुणी केली न्हाई.

मशीन बसवायला आलेला इंजिनेर शहरातला, सरळ माणूस. त्यानं मला एकट्याला सांगितलं, "मिस्त्री, तुमच्या कामाला टेबलावरचं लहान मशीन भरपूर होतं. ते पंख्याखाली चालतं." पण हे मोठं. ह्याला थंड खोली पाहिजे, म्हणून दोन एसी. एसीला जाड केबल. व्होल्टेज कमी-जास्त होतं म्हणून कपाटाएवढा स्टॅबिलायझर. वीज जाते म्हणून बॅटऱ्या. येलदरीला वीज तयार होते अन् तिथून हाकेच्या अंतरावर आमचे बल्ब निखाऱ्यासारखे जळायचे, त्यामुळं हे सगळं लागतच होतं. एका गोष्टीच्या मागं दुसरी आली, अन् सगळ्यात शेवटी अर्थिंगचा खड्डा आला.

खोलीत धूळ चालत न्हाई म्हणून चेअरमननं दारावर पाटी लावली, चपला बाहेर काढा. पाटी नसती तरी लोकांनी काढल्या असत्या. दसऱ्याला नारळ फोडला, चेअरमन हळदकुंकू मशीनवर टाकायला निघाले तवा मशीन चालवायला ठेवलेल्या ऑपरेटर बाईनं हात धरला. एक कास्तकार दारातूनच पाया पडला अन् मला हळूच विचारायला लागला, "मिस्त्री, कापसाला पाणी मारलेलं ह्याला कळतंय का हो?" मी म्हणलो, सगळं कळतं. तो गाडी घेऊन माघारी गेला, दोन दिवस कापूस वाळवून मंग आणला. माझ्या माहितीत त्या मशीननं सोसायटीचा केलेला फायदा तेवढाच.

आठ पडद्यांतला एकच लागायचा. दिवाणजी रजिस्टरमधी लिहायचे, अन् ऑपरेटर बाई रजिस्टर बघून मशीनमधी घालायची. बाकीच्या सातांना कौसानं जुन्या लुगड्याची झाकणं शिवून दिली. शिवताना म्हणली, "आवो, सात जण झोपूनच असतात का?"

"पुढं लागतील."

"पुढं लागतील म्हणून मी तुमाला आठ भाकरी करून घालीत न्हाई."

मला त्या खोलीत थंडी वाजायची. भर वैशाखात मी घोंगडी घेऊन कामावर जायचो अन् सगळा गाव बघायचा. हंगाम संपला, जिनिंगला कुलूप लागलं, ऑपरेटर बाई परभणीला गेली, तरी खोली थंड ठेवायची. न्हाईतर मशीन बिघडलं तर जिम्मेदारी आमची न्हाई, असं कंपनीच्या कागदात होतं. माणूस एक बी नसलेली खोली आमी दिवसभर गार करीत होतो.

आता खड्ड्याचं सांगतो, नीट वाचा. विजेला यायला एक तार लागते अन् माघारी जायला एक. माघारी जायची ती न्यूट्रल. तिसरी अर्थिंग. ती जमिनीत जाते, अन् तिच्यातून एरवी काही वाहायचं नसतं, घात झाला तरच तिचं काम. मोठ्या मशीनला स्वतःचं वेगळं अर्थिंग पाहिजे होतं. म्हणून खोलीच्या मागं पुरुषभर खोल खड्डा घेतला, तांब्याचा पत्रा पुरला, मीठ अन् कोळसा भरला अन् एक लोखंडी पाइप वर काढून त्याच्या तोंडाला नरसाळं बसवलं. त्यातून रोज पाणी घालायचं. जमीन ओली असली तर अर्थिंग चांगलं. इंजिनेरनं सांगितलं होतं, न्यूट्रल अन् अर्थिंगच्या मधात मीटर लावला तर दोन व्होल्टच्या वर दिसायला न्हाई पाहिजे. वर गेलं तर मशीन अडतं.

पाणी घालायचं काम चेअरमननं कौसाला दिलं. हंगामात ती जिनिंगवर कचरा वेचायची, उन्हाळ्यात हाताला काम नसायचं. रोज दोन घागरी. उन्हाळ्यात हापशावर बायांची रांग असायची अन् तिला टोमणे बसायचे.

"कौसाबाई, आमच्या लेकराला न्हाई अन् तुमच्या कंप्युटरला पाणी?"

"काय करू बाई, त्याला बारमाही ताप हाय. दोन थंड मशिनी लावल्यात तरी उतरंना."

अशी बोलायची. पण घरी येऊन एकदा म्हणली, "मला शरम वाटते हो, लोकाच्या रांगेतून मातीत वतायला पाणी आणायची." मी म्हणलो, सोसायटीचं काम हाय.

ती खड्ड्याजवळ गेली की चपला काढायची. खोलीच्या भिंतीला लागून खड्डा, तर तो बी कंप्युटरच. मी हसलो न्हाई. उलट पहिल्या दिवशी मीच तिला म्हणलो होतो की इकडं चपला घालून येऊ नको.

त्या वर्षी मीटरचा काटा दोनाच्या आत येईना. विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा लागत होता. मीठ घातलं, दोनाच्या जागी चार घागरी घातल्या, तरी पंधरा-वीस दाखवायचं. मशीन अडून बसलं. इंजिनेरला निरोप धाडला तर तो लवकर येईना. नामांतराचे मोर्चे अन् बंद चालले होते, एसटी आज सुटली तर उद्या न्हाई. चेअरमनकडं कोणी मोठे पाहुणे मशीन बघायला येणार होते. ते मला म्हणले, "मिस्त्री, कायबी कर, काटा खाली आण. तू काय साधा वायरमन हाईस का?"

हे शेवटचं वाक्य मला लागलं. मी बोर्ड उघडला अन् न्यूट्रलची पट्टी अन् अर्थिंगची पट्टी एका वीतभर वायरनं एकमेकीला जोडून टाकली. दोन्ही एकच झाल्यावर मधात व्होल्टेज कुठून येणार? काटा शून्यावर आला. मशीन चालू झालं. पाहुणे आले, बघून गेले.

हे करायचं नसतं हे मला ठाऊक होतं. खांबावरची न्यूट्रल तुटली तर माघारी जाणारा सगळा करंट त्या वायरमधून खड्ड्यात उतरणार, अन् पाइप जिता होणार. मी मनात म्हणलो, तुटती कशाला.

महिन्याभरानं इंजिनेर आला. मीटर लावला अन् खूष झाला. "वा मिस्त्री, शून्य? कसं केलं?"

मी म्हणलो, "मीठ वाढवलं."

त्यानं वहीत लिहिलं, अर्थिंग उत्तम.

आता जे लिहितो ते लिहायला मला चार दिवस लागले. ती वायर जोडल्यावर खड्ड्याला पाणी घालायची गरजच ऱ्हायली न्हाई. काटा तसाच शून्यावर ऱ्हाणार होता. पण पाणी बंद केलं असतं तर दिवाणजींनी विचारलं असतं, चेअरमननं विचारलं असतं, अन् माझी कारागिरी उघडी पडली असती. म्हणून मी कौसाला काही बोललो न्हाई. ती रांगेत उभी ऱ्हायची, बोलणी खायची, दोन घागरी आणायची, चपला काढायची अन् वतायची. मी खिडकीतून बघायचो. जवळजवळ तीन महिने.

बाज आवळली त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वावटळ झाली होती. आमच्याच आवारातल्या खांबावर न्यूट्रलचा जोड सैल पडला होता, तो सकाळी उन्हात कधीतरी सुटला. मी खोलीत होतो. ट्यूबलाइट मिणमिणली अन् एसी कण्हायला लागले. कमी व्होल्टेजला एसी तसेच कण्हतात, अन् ते आमच्याकडं रोजचंच होतं. मला ती वायर आठवली न्हाई. तीन महिन्यांत ती माझ्या डोक्यातून गेली होती. दुसऱ्या फेजवर लोड टाकावा म्हणून मी आवाराच्या पार पलीकडं, जिनिंगच्या मोठ्या बोर्डाकडं गेलो. जाताना खड्ड्याजवळ कुणी नव्हतं.

तिकडं असताना दिवाणजींची हाक आली. ते कधी मोठ्यानं बोलायचे न्हाईत.

पळत आलो. एक घागर आडवी पडली होती. दुसरी नरसाळ्यावर टेकलेली होती अन् कौसाचा हात तिच्यावर. ती वाकलेलीच होती. खाली सगळा चिखल. तिच्या चपला भिंतीजवळ एकाशेजारी एक ठेवलेल्या. आमच्या कामात पहिलं शिकवतात की आधी स्वीच, मंग माणूस. मी तिला हात लावला न्हाई. खोलीत गेलो, मेन स्वीच पाडला, मंग माघारी आलो. तिला आडवी केली. दिवाणजी नाडी बघत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं अन् मान हलवली.

जिंतूरच्या सरकारी दवाखान्यातून तिला दुपारून सोडलं. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. लेक चुडाव्याहून रेल्वेनं अन् मंग मिळेल त्या गाडीनं आली, तिला तोंड बघायला मिळालं एवढंच. ती माझ्या गळ्यात पडून म्हणली, "दादा, कसं झालं ओ? आई तर रोज पाणी घालायची."

मी म्हणलो, "वावटळीनं खांबावरची तार तुटली, बाई."

हे खोटं नव्हतं. पण अर्धंच होतं.

मसणवट्यातून येताना चेअरमनसाहेब माझ्या संगतीनं चालत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खरं होतं. म्हणले, "उद्या सकाळी विजेचे निरीक्षक येणार हायत. तू सुतकात हाईस, घरी थांब. दिवाणजी बघतील."

मला कुणी बोलावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लेक झोपलेली होती, तवा मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन सोसायटीवर गेलो. खोलीची चावी माझ्याकडंच असायची. मेन स्वीच पाडलेलाच होता. बोर्ड उघडला. दोन स्क्रू सैल केले अन् ती वीतभर वायर काढून खिशात घातली. जिथं वायर दाबलेली होती तिथं पितळ चकाकत होतं. कपाटामागची धूळ बोटावर घेऊन मी ती दोन्ही जागी चोळली. चांगली चोळली. मंग बोर्ड लावून बाहेर पायरीवर बसलो. दिवाणजी आले अन् शेजारी बसले.

निरीक्षक दहाच्या सुमाराला आले. त्यांनी खांब बघितला, खड्डा बघितला, पाइपला हात लावून बघितला. मंग बोर्ड उघडायला सांगितला. बॅटरी मारून लय वेळ बघत होते.

"मिस्त्री, न्यूट्रल अन् अर्थिंग इथं कुठं जोडलेलं होतं का?"

"न्हाई साहेब."

"मग पाइपला करंट आला कसा?"

"एसीतून गळत असंल, साहेब. जुनं झालंय."

त्यांनी ते लिहून घेतलं अन् कागद माझ्याकडं सरकवला. मी सही केली.